थंड इंजिनाचा आवाज

बाबा, मी गाडी घेतली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी गाडी घेताना तुम्ही मध्ये आलातच. दोन स्पोर्ट्स कार समोर होत्या, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, नाव तेच पण पिढी वेगळी. नवीन पनवेलच्या एका सोसायटीतली सात वर्षांची, सगळा कारभार कॉम्प्युटरवर. दुसरी गव्हाणच्या एका बिल्डरकडे, मी कॉलेजात होते तेव्हाची, ॲक्सिलरेटरला अजून केबल असलेली. पंचेचाळिशीत मला असली गाडी कशाला हवी, यावर घरात महिनाभर टिंगल झाली. नवरा म्हणाला, "घ्यायचीच तर नवी घे. बिघडली तर लॅपटॉप लावतात, तो सांगतो काय झालंय." त्याचं बरोबर होतं. शिवाय लॅपटॉप कुणाला चहा सांगायला पिटाळत नाही, म्हणून मलाही तीच बरी वाटत होती.

तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी दहावीत आहे, शाळा सुटली की थेट हायवेलगतच्या तुमच्या गॅरेजवर येते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, हे तुम्हीच मला शिकवलंय. मुंबईचं एक गिऱ्हाईक लाल गाडी घेऊन आलंय. इंजिन थंड असताना सुरू केलं की टकटक येते. मी कान लावते आणि म्हणते, "बाबा, टायमिंग चेन सैल आहे." तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "टॅपेट हाय. तुला काय कलतंय त्यातलं? जा, चाय सांग." गिऱ्हाईक हसतं. मी चहा सांगून येते तोवर तुम्ही गाडीला पाठ करून हात पुसत उभे असता. आत काय निघालं ते मला कुणी सांगत नाही. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला गॅरेजवर यायला बंदी केलीत, लोक बोलतात म्हणून. आणि ज्याला पान्याचा नंबर ओळखता येत नव्हता त्या भावाला हाताला धरून माझ्या जागी बसवलंत. तुमच्या माघारी वर्षभरात त्याने गॅरेज विकलं, आज तिथे टाइल्सचं दुकान आहे. मला तुम्ही कॉमर्सला घातलंत. मी इन्शुरन्स कंपनीत बसून ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासते. गाड्या दिवसभर बघते, पण फोटोला आवाज नसतो. तीस वर्षं मी एकच गोष्ट उराशी धरून बसले होते, की चेनच होती, माझं बरोबर होतं, आणि तुम्ही परक्या माणसासमोर माझं तोंड बंद केलंत.

नवऱ्याबरोबर गव्हाणला गेले तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवला. नियम तुमचाच. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर तो काहीतरी लपवतोय, तिथून निघायचं. बॉनेट चांगलं गरम होतं. "ताई, घरची गाडी हाय. पावसात कदी काढली नाय," बिल्डर सांगत होता. आम्ही निघालो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नवऱ्याला घेऊन न कळवता पुन्हा त्याच्या दारात. तो बनियनवरच बाहेर आला. "एवढ्या सकाली?" मी म्हटलं, किल्ली फिरवा. त्याने फिरवली आणि टकटक सुरू झाली. तीच, अगदी तीच. मी तिथल्या तिथे गाडी ठरवली आणि नवऱ्याने कपाळाला हात लावला. धडधाकट गाडी सोडून मी बिघडलेली घेतली, कारण ती मला स्वतःच्या हाताने उघडायची होती. चेन सैल निघाली की तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहणार होते. काय बोलायचं तेही ठरलं होतं.

रविवारी पार्किंगमध्ये चटई टाकून बसले आणि इंजिनावरचं कव्हर काढलं. चेन घट्ट होती. बोटाने दाबून पाहिली, मग पुन्हा पाहिली. टॅपेटच्या फटीत फीलर गेजची पातळ पट्टी सरकवली तर तीन ठिकाणी ती ढिली फिरत होती; फट वाढलेली, टकटक तिथूनच. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत फटी बसवल्या. सोमवारी सकाळी थंड इंजिन सुरू केलं, आवाज गेला होता.

म्हणजे त्या दिवशीही बहुधा टॅपेटच असणार. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पण बाबा, तुमचं बरोबर निघालं म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. मला सवय नसताना कव्हर काढायला अर्धा तास लागला, तुम्हाला दहा मिनिटं लागली असती. तेवढी दहा मिनिटं मला शेजारी उभं करून दाखवलं असतंत, तर मी चुकले हे मला पंधराव्या वर्षीच कळलं असतं. तुम्ही मला चुकूसुद्धा दिलं नाहीत, सरळ चहा सांगायला पाठवलंत. भाऊ आयुष्यभर चुकत राहिला, त्याला तुम्ही एकदाही पाठवलं नाहीत.

हे पत्र मी गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांखाली ठेवतेय. पाठवणार तरी कुठे. एक मात्र कबूल करते. आवाज गेल्यावर दोन दिवस फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कव्हर उघडलं आणि एका टॅपेटची फट थोडी वाढवून ठेवली.