बोटीवरचा हीटर आणि रात्रीचा गॅस

बाबा,

मी सध्या एका बोटीवर राहते. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारलं असतंत, "बोटीवर म्हणजे? पाण्यात?" हो, पाण्यात. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात एक जुना कालवा आहे, त्याच्या काठाला बांधलेली ही लांबट, अरुंद लोखंडी बोट. नागपूरच्या आपल्या क्वार्टरचा व्हरांडा ओढून लांब केला तर होईल एवढी. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला ओटा, आणि मध्ये भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा गॅसचा हीटर. बोट इथल्या माझ्या नव्या ऑफिसातल्या एका बाईंची आहे. त्या हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात आणि बोट रिकामी राहिली तर पाइप गोठून फुटतात, म्हणून मी राहायचं असं ठरलं. गेल्या वर्षी, दोन हजार एक साली, न्यू जर्सीतली माझी नोकरी गेली आणि तिच्यामागून लग्नही गेलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण लोकांना तसं सांगायला बरं पडतं. वेस्ट विंडसरचं घर त्याच्याकडे राहिलं, कारण मुलीची शाळा तिथेच. मुलगी चौथीत आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

तुम्हाला लिहायचं कारण हा हीटर. बाहेर, बोटीच्या शेपटाकडे एका पेटीत गॅसचा सिलिंडर आहे. तिथून नळी आत येते. हीटरच्या पोटात एक छोटी ज्योत सतत तेवत ठेवायची असते, तिला इथे पायलट म्हणतात. त्या ज्योतीत एक बारीक तांब्याची कांडी असते. कांडी तापलेली असेल तरच हीटर गॅस पुढे सोडतो, गार पडली की आपला आपण बंद होतो. म्हणजे स्वभावाने तो तुमच्यावरच गेलाय. खात्री पटल्याशिवाय काही म्हणून होऊ द्यायचं नाही. ज्योत पेटवायची तर गुडघ्यावर बसून, एका हाताने बटण दाबून धरून, दुसऱ्या हाताने काडी आत न्यायची, आणि कांडी तापेपर्यंत बटण सोडायचं नाही. आधी माझं हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. संध्याकाळी ऑफिसातून येऊन हीटर लावायचा, बोट उबदार झाली की जेवायचं, निजताना गॅस बंद करून दोन रजया ओढून झोपायचं. मग डिसेंबर आला, कालव्यावर बर्फाची साय धरली आणि हीटर रुसला. ज्योत पेटे, पण बटण सोडलं की विझे. पुन्हा पेटवा, पुन्हा विझे. काड्यांच्या पेट्या संपल्या, बोटाचं टोक भाजलं आणि हीटर तसाच थंडगार.

एरवी मी रजईत गुरफटून दिवस काढलेही असते. पण नाताळच्या सुट्टीत लेक चार दिवस माझ्याकडे राहायला येणार होती. वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या बाबाची एकच अट होती. तो फोनवर म्हणाला, "हे बघ, मला काही इश्यू नाही. पण हीट नीट वर्क करत असेल तरच. तिथे मायनस टेंपरेचर असतं यार. या वेळी ठीक झालं तर दर महिन्याला आणत जाईन, नाहीतर मग समरचं बघू." तो वाईट माणूस नाही, बाबा. तो जे म्हणत होता ते बरोबरच होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. विजेचा हीटर आणून पाहिला. पण बोटीभोवतीचं पाणी गोठू नये म्हणून एक पंप चालू ठेवावा लागतो, दोन्ही एकदम लावले की काठावरचा ब्रेकर उडतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आता नवीन वर्षातच.

दोन बोटी सोडून एक म्हातारे गृहस्थ बारा महिने बोटीवरच राहतात. पूर्वी शाळेची बस चालवायचे. त्यांना माझी दया आली. त्यांनी हीटर उघडला, जाळी पुसली, कांडीला बारीक पॉलिश पेपर लावला. साबणाचं पाणी करून नळीच्या जोडांना लावलं आणि बुडबुडा येतो का ते आम्ही दोघं डोळे ताणून बघत बसलो. बुडबुडा आला नाही. मग त्यांनी गावातून नवी कांडी आणून बसवली. दुपारभर हीटर शहाण्यासारखा चालला. मी त्यांना चहा दिला, आलं घालून, आणि त्यांनी तो औषधासारखा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर पुन्हा बंद. ते पुन्हा आले, नळी काढून फुंकली, काही सापडलं नाही. "याला माझा राग आलाय की तुझा, ते कळत नाही," असं म्हणून डोकं खाजवत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते विसरलेला पाना न्यायला आले, तेव्हा मी बाहेर सिलिंडरच्या पेटीत वाकले होते. त्यांनी विचारलं, "तिथे काय करते आहेस?"

"गॅस उघडते आहे."

"बंद कुणी केला?"

"मीच. रात्री."

"का?"

बाबा, हा काय प्रश्न झाला? रात्री गॅस का बंद करायचा? रात्र होते म्हणून. आई गेल्यावर आपल्याकडे स्टोव्ह जाऊन गॅस आला आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून त्याला घाबरलात. काडी आधी पेटवायची, तोंड दुसरीकडे वळवायचं आणि मग बटण फिरवायचं. भाजी परततानासुद्धा हात लांब करून, शेजाऱ्याच्या कुत्र्याला पोळी घालावी तसे. आणि रात्री अंथरुणं पडली की तुमची हाक यायची, "रेग्युलेटर बंद?" मी म्हणायची, "बंद." "नक्की?" "नक्की." मग तुम्ही उठायचातच, अंधारात जाऊन हाताने चाचपून यायचात, आणि येताना हमखास दाराच्या उंबऱ्याला ठेचकाळायचात. इतकी वर्षं मी ज्या ज्या घरात राहिले तिथे निजण्याआधी हे करत आले. वेस्ट विंडसरला विजेची शेगडी होती, तिथे बंद करायला काही नव्हतं, तर पहिले कित्येक महिने मला झोप लागायची नाही. बोटीवर सिलिंडर पाहिला आणि हात आपोआप तिकडे वळला. हे कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही. दात घासते हे तरी कुठे सांगितलं होतं?

मी त्यांना एवढंच म्हणाले, "आमच्याकडे रात्री बंद करतात."

"आणि गारठून मरतात?"

"आमच्याकडे एवढी थंडी नसते."

ते हसत सुटले, मग जरा ओशाळले आणि समजावून सांगू लागले. सिलिंडरची चावी एकदम फिरवली की आतली सुरक्षेची झडप अर्धी मिटते. नळी फुटली असं तिला वाटतं. मग गॅस अगदी बेताचा येतो, ज्योत मरतुकडी राहते आणि कांडी तापतच नाही. थंडी वाढल्यापासून मी रोज गारठलेल्या हातांनी चावी फर्रकन उघडत होते आणि मग तासभर आत काड्या ओढत बसत होते. एकदा झडप अशी अडकली की सगळं बंद करून थोडं थांबायचं आणि अगदी हळू उघडायचं. पण मुळात बंद करायचाच नाही, रात्रंदिवस चालू ठेवायचा, त्यासाठीच तो बनवलाय. वर छताला धूर किंवा विषारी वायू ओळखणारी घंटा आहे, ती काही झालं तर ओरडेल. मी मान डोलावली. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन दिवस नळ्या फुंकल्या म्हणून आम्ही दोघंही हसलो.

लेक आली त्या दिवशी बोट खरंच उबदार होती. तिच्या बाबाने आत येऊन हीटरवर हात धरला, घंटेचं बटण दाबून ती वाजते का ते पाहिलं आणि म्हणाला, "ओके. नाइस आहे." लेकीला गोल खिडकी फार आवडली. ती मोजे काढून पलंगावर उड्या मारत होती. मी मुगाची खिचडी केली, तिने तूप मागून घेतलं. "आई, कॅन आय लिव्ह हिअर?" असं तिने अगदी सहज विचारलं, पापड खाताखाता, आणि मी तिला आणखी एक पापड भाजून दिला. निजताना मी सिलिंडरकडे गेले नाही. स्वतःला बजावून गेले नाही. ती माझ्या कुशीत झोपली, हीटरची निळी ज्योत दिसत होती आणि मला सारखं वाटत होतं की तुम्ही कुठूनतरी विचारता आहात.

सकाळी जाग आली ती थंडीने. श्वासाची वाफ दिसत होती. माझ्या सपाता दाराशी होत्या आणि त्यांना बर्फ लागलेला होता. बाबा, मी केव्हा उठले, केव्हा बाहेर गेले, मला काही म्हणजे काही आठवत नाही. पण चावी बंद होती आणि ती बंद करणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. मी धावत जाऊन उघडली. म्हणजे घाईत, फर्रकन. मग गुडघ्यावर बसून काडी ओढली, बटण धरलं, सोडलं, विझली. हळू उघडायचं हे मला माहीत होतं, बंद करून थांबायचं हेही माहीत होतं. पण पोर गारठत असताना थांबायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेजारचे गृहस्थ सकाळीच चर्चला गेलेले. लेक जॅकेट घालून, टोपी ओढून, पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणत होते, "होईल हं, आत्ता होईल," आणि एकामागून एक काड्या मोडत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. तिनेच घेतला. "हाय बाबा." मग जरा थांबली. "येस, इट्स वॉर्म. इट्स रिअली वॉर्म. आय ॲम फाइन." हे तिने दात वाजू नयेत म्हणून जबडा घट्ट धरून म्हटलं. आणि माझ्याकडे बघून हसली, बाबा. मोठ्या माणसाने लहान मुलाला धीर द्यावा तसं.

ते हसणं मला ओळखीचं होतं. तुमची खिचडी तळाला लागायची आणि मी म्हणायची, मला लागलेलीच आवडते. रात्री अंधाराची भीती वाटायची आणि मी म्हणायची, नाही वाटत. तुमचा चेहरा पडू नये म्हणून मी दिवसभर काही ना काही सांभाळत असे, आणि त्याने मी किती दमायची हे तुम्हाला कधी कळलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तो उद्योग लागावा असं मला वाटलं नाही. मी तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "नाही, खोटं सांगतेय ती. फार गार आहे इथे. ये तिला घ्यायला."

तो काही टाकून बोलला नाही. तो निम्म्या वाटेवर त्याच्या मित्राकडेच उतरला होता, त्यामुळे लवकर आला. तोपर्यंत लेक भिंतीकडे तोंड करून बसली. मी दोन्ही रजया तिच्यावर घातल्या, चहाच्या गरम कपाला तिचे हात लावले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आय सेड इट वॉज वॉर्म. व्हाय डिड यू टेल हिम?" मी म्हणाले, "कारण गार होतं, बाळा." तिला ते पटलं नाही. मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. तिची बॅग त्याने उचलली, तिने मागे वळून हात केला नाही, आणि गाडी पुलावरून गेली. दर महिन्याचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही.

दुपारी शेजारचे गृहस्थ आले. सगळं बंद करून ते नुसते उभे राहिले, मग चावी हळूहळू फिरवली. पहिल्याच काडीला हीटर लागला. आता बोट इतकी उबदार आहे की मी स्वेटर काढून लिहिते आहे. पलंगावर तिचा एक मोजा राहिलाय.

मी सहावीत असताना तुम्ही मला अमरावतीला मावशीकडे ठेवलंत, दोन वर्षांसाठी. मला बसमध्ये बसवलंत आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिलात. मी त्यावरून तुमच्यावर पुष्कळ वर्षं रुसून होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला त्या वेळी काय वाटलं असेल, हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. आता विचारून उत्तर येणार नाही, आणि हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून सांगते. ही गोष्ट मी जिवंत माणसापाशी बोलू शकणार नाही. फोनवर खरं बोलले ते तिच्यासाठीच बोलले, अशी माझी समजूत होती. पण गाडी पुलापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा बाबा, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू त्याच्यानंतर आलं.