छापा, ठेव, पुसू नको

प्रिय आई,

आज ऑफिसात जुना प्रोग्राम काढून नवा बसवला. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग नवा शिकून घे." त्यांचं चूक नाही. पण त्या प्रोग्रामबरोबर काय गेलं हे फक्त तुला कळलं असतं, म्हणून तुलाच लिहितोय.

माझे डोळे गेल्यानंतरचं पहिलं वर्ष आठवतं तुला? कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं आणि मी क्वार्टरच्या मागच्या खोलीत नुसता पडून. मग दिल्लीच्या एका संस्थेकडून ती सीडी आली. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो म्हणे. बोलायचा खरा, पण अमेरिकन इंग्रजीत, श्वास न घेता. मला एक अक्षर कळेना. मी लगेच नाद सोडला.

तू नाही सोडलास. अमरावतीच्या मराठी शाळेत मॅट्रिक झालेली तू, इंग्रजी मदतीची पानं अक्षर अक्षर लावून वाचत बसायचीस. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की तो सगळं वाचत सुटतो. कंट्रोल दाबला की गप्प बसतो. ती गप्प बसवायची कळ सापडली त्या रात्री खाली देवीची भजनं जोरात चालली होती आणि तू म्हणालीस, "बाप्पा, खालच्या जगरात्याच्या लाउडस्पीकरले अशी कळ असती तं!" किती महिन्यांनी हसलो होतो मी.

आणि एच? वर्तमानपत्राचं पान उघडलं की मी वरपासून खालपर्यंत सगळ्या जाहिराती ऐकत बसायचो. तू शोधून काढलंस की एच दाबला की थेट पुढच्या मथळ्यावर जाता येतं. त्या दिवशी मी आख्खं वर्तमानपत्र वाचलं, आई. चहा गार झाला आणि तू तो परत गरम करून आणलास.

माउस तर तू कॉम्प्युटरच्या मागून उपसूनच टाकलास. तुलाही दिसू नये म्हणून पडद्यावर टॉवेल टाकायचीस आणि म्हणायचीस, "आता कर." मी विचारायचो, "आई, अब क्या दबाऊँ?" तू म्हणायचीस, "मले कायले इचारतं? तुह्या बोटाले इचार." दहाव्या वर्षी इथे चंदीगडला आल्यापासून मी तुला हिंदीतच उत्तरं देत आलो. तू कधी रागावली का नाहीस?

सेक्टर चौतीसच्या क्लासमध्ये नोकरी लागली, ती तुझ्यामुळेच. मुलांचे प्रवेश कॉम्प्युटरवर नोंदवायचे. पण तिथल्या प्रोग्रामची सगळी बटणं म्हणजे चित्रं. चित्राला नाव नसलं की माझं मशीन नुसतं 'ग्राफिक, ग्राफिक' म्हणत राहायचं. कुठलं बटण कशाचं, कसं ओळखायचं? तू मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि एकेक चित्र सांगत गेलीस. तू सांगायचीस, मी नाव टाइप करायचो. एकदा नाव दिलं की मशीन पुढे तेच नाव उच्चारतं. नावं तू मराठीतच दिलीस, फक्त अक्षरं इंग्रजी. छापा. ठेव. मागे जा. आणि नोंद खोडून टाकायच्या बटणाला 'पुसू नको'. ते अमेरिकन मशीन दिवसभर माझ्या कानात 'पुसू नको' म्हणायचं, अगदी वेडंवाकडं. मी एकही नोंद चुकून पुसली नाही.

गेल्या वर्षी तुला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. इस्पितळात तुझ्या उशाशी मी बसायचो. तिथे मी कुठली कळ दाबणार होतो? आजारी तू, आणि मला सांगायचीसही तूच. "सलाईन संपली, सिस्टरले हाक मार." मग मी भिंत धरून दारापर्यंत जायचो. त्या दुपारी तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, किती दिवसांनी तुझा डोळा लागला. मी हात धरून अगदी न हलता बसलो, तुझी झोप मोडू नये म्हणून. सिस्टर आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बेटा, पिताजी कहाँ हैं?"

तेव्हाही मला दुसऱ्याने सांगितल्यावरच कळलं.

तरी ऑफिसात तू होतीस, त्या नावांमध्ये. आज सकाळी नवा प्रोग्राम उघडला. टॅब दाबला. 'बटण'. पुन्हा दाबला. 'बटण'. सगळीकडे तेच. इन्सर्ट दाबून पाहिलं, बाण दाबून पाहिले, तुझ्याकडून शिकलेलं सगळं करून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या गुरमीतजी उठून आल्या. "आप बैठो जी, मैं कर देती हूँ." टिक, टिक, माउस वाजला आणि काम झालं. मनाने फार चांगल्या आहेत त्या. पण त्यांनी काय केलं, कुठे केलं, मला काही समजलं नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी नुसते हात मांडीवर ठेवून बसलो.

दुपारी मालकांनी बोलावलं. "बेटा, तू फोन संभाल ले. तनख्वाह वही रहेगी, पक्का." मी 'जी' म्हणालो.

एक विचारू? तू मला एवढं सगळं शिकवलंस, मग दुसऱ्याला विचारायचं कसं, ते का नाही शिकवलंस? 'गुरमीतजी, माउस ठेवा, फक्त वाचून दाखवा', एवढं वाक्य माझ्या तोंडून निघेना. तू असताना मला कधी विचारावंच लागलं नाही. तू आधीच येऊन बसलेली असायचीस.

आणि आता हे पत्र. मशीनला देवनागरी वाचता येत नाही. मराठी अक्षरं कुठल्या कळांवर आहेत ते मला पाठ आहे, पण एकेक अक्षर दाबतो आणि कानात काहीच वाजत नाही. लिहिलेलं परत वाचता येत नाही. चुकलो असेन तर कुठे, तेही कळत नाही.

उद्या रविवार आहे. हे छापून बाबांना देणार आणि म्हणणार, मोठ्याने वाचा. तू गेल्यापासून आम्ही जेवायला बसतो, उठतो, तुझं नाव दोघंही घेत नाही. ते आधी चष्मा सापडत नाही म्हणतील. मग वाचतील आणि मध्येच कुठेतरी त्यांचा आवाज अडेल. तेव्हा मी 'राहू द्या' म्हणणार नाही. ते पुढची ओळ वाचेपर्यंत थांबेन, कितीही वेळ लागला तरी.

एवढं वचन देतो, आई. सोमवारचं, गुरमीतजींना विचारायचं वचन आज देता येत नाही.

तुझा,
सुहास
चंदीगड