तुमचे जावई डोलात बसतात

बाबा, माझं लग्न तुम्ही गेल्यावर झालं, तुमच्या जावयाला तुम्ही पाहिलंच नाही, म्हणून आधी ते सांगते. माणूस चांगला आहे, दारू नाही, पत्ते नाही, पण ऐकून घ्यायच्या बाबतीत निव्वळ म्हैस. ढाणकीपासून फुलसावंगीपर्यंत विहिरींतला गाळ काढायची कामं घेतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी पिकअपच्या मागे बॅटरीवर चालणारी विंच बसवली. विहिरीच्या तोंडावर लोखंडी तिपायी घोडा उभा करायचा, त्याच्या चाकावरून विंचचा तारदोर आत सोडायचा आणि गाळाने भरलेला डोल, ही मोठी लोखंडी बादली, वर ओढायचा. वायरिंग कोणी केलं? मीच, दुसरं कोण करणार. उमरखेडच्या तुमच्या दुकानात शाळा सुटल्यावर जे शिकले ते मी वाया जाऊ दिलं नाही.

बॅटरीपासून मागे केबल नेताना तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसला आहात असंच वाटत होतं. ते जुनं ट्रॅक्टर आठवतं? मी तार सायलेन्सरला लागून नेली होती. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडता, "कपडे वाळू घालाची दोरी हाये का ते? जळन ना पोट्टे!" मी दुकानामागे जाऊन रडते, आणि संध्याकाळी तुम्ही माझ्या हातात लाल मुठीची नवी पक्कड ठेवता. तर या वेळी मी केबल रबरी नळीत घातली, सायलेन्सरपासून लांब ठेवली, जागोजागी बांधली. विंचवर पुरं ओझं टाकून चालवली आणि तुमच्यासारखाच केबलवर हात ठेवून पाहिला. कोमटसुद्धा नव्हती. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला, काय सांगू!

तोच नडला. सिमेंटच्या रिंगा टाकलेल्या विहिरींना पायऱ्या नसतात. एक दिवस हे सरळ डोलात जाऊन बसले. "सोड खाली."

"येड लागलं का तुमाले? हे गाळ ओढाले हाये, मानूस टांगाले नाही."

तर हसतात! "तुह्या हातचं वायरिंग हाये. मंग भेव कायचं?"

आपल्याकडची ही रीतच आहे. मिस्त्री घरचा असला की यंत्राकडे कोणी वळूनही पाहत नाही. वायरिंग माझं आहे हो, पण दोर माझा नाही, हे या माणसाच्या डोक्यात कसं घालावं? मागच्या आठवड्यात दोराचे धागे तुटलेले दिसले. बोट लावून दाखवले. म्हणाले, "हे विहीर होऊ दे, मंग बदलू." ती झाली, आता दुसरी सुरू आहे. मी बटन दाबणार नाही म्हटलं, तर, "गावात बटन दाबनारे कमी हायेत का?" म्हणून मीच जाते. दुसरा कोणी झटक्यानं सोडेल याची धास्ती. डोल अंधारात दिसेनासा होतो तेव्हा मी दोरावरची नजर काढत नाही. मी थकले, बाबा. फार थकले.

काल सकाळी, हे चहा पीत असताना, विंचची काळी तार गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडली आहे तो बोल्ट मी सैल केला. म्हटलं, विंच चालणारच नाही, निदान आजचा दिवस टळेल. पण ती मेली चालली. डोल दोन पुरुष खोल गेला आणि बंद. परत सुरू, परत बंद. हे आत हेलकावे खात, "काय झालं वं?" म्हणून विचारताहेत. मी गाडीखाली घुसले. बोल्ट तापला होता, बोटं भाजली. तसाच पाना लावून आवळला. अर्धवट सोडला तर हे मध्येच लटकतात, पुरा आवळला तर उद्या पुन्हा बसतात. मला तिसरं काही सुचलं नाही. मी अंगातला सगळा जोर लावला.

वर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाह्यलं? तू हायेस म्हून."

आज पुन्हा बसले. आता हातपाय धुताहेत, ताट वाढायचं आहे. हा कागद घरात ठेवण्यासारखा नाही, चुलीतच जाईल. पण तो पेटायच्या आधी कोणाला तरी सांगते. रोज दिवा लावताना मी देवाजवळ एकच मागते. त्यांचा पाय मोडू दे. फार नाही, घरी बसण्यापुरता.