तेरा ते एकोणीस

७ फेब्रुवारी १९७२

आज प्रभुदास सरांनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच इंग्रजी शब्द लिहिला — टीनएजर. तेरा ते एकोणीस वयाचं माणूस. या वयाला तिकडे वेगळं नावच आहे म्हणे! मी विचारलं, "सर, मराठीत काय म्हणायचं?" सर हसले. म्हणाले, "पुस्तकात किशोरवय म्हणतात. तिसगावात काय म्हणतात ते तूच सांग, मनकर्णा."

तिसगावात काहीच म्हणत नाहीत. काल लहान, आज लग्नाची. झालं!

मला पंधरा पूर्ण आहेत. म्हणजे मी टीनएजर. दहावीत आहे, पुढच्या वर्षी अकरावी, म्हणजे मॅट्रिक.

८ फेब्रुवारी

वडील, म्हणजे आमचे दादा, जेवताना म्हणाले, वीस तारखेला, रविवारी, मिरजगावचे पाहुणे मनीला बघायला येणार. मुलाचं कापडाचं दुकान आहे. मला कुणी विचारलं नाही. आईने भाकरी वाढली ती माझ्याकडे न बघता. लग्न झाल्यावर कुठलं मॅट्रिक? मला नको. इथे तरी लिहिते — नको, नको, नको!

१० फेब्रुवारी

आजचे शब्द: पिंपल, शाय, मूडी, ग्रोइंग अप. आपल्या वयाबद्दल इंग्रजीत दहा वाक्यं लिहून आणायची आहेत.

पिंपल म्हणजे तोंडावरचे फोड. माझे दोन आहेत, कपाळावर. आई म्हणते शेंगदाणे बंद कर. मूडी म्हणजे सकाळी गाणं म्हणायचं, दुपारी उगाच रडायचं आणि संध्याकाळी कुणी "काय झालं गं?" म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जायचं. घरी याला नखरे म्हणतात! सर म्हणाले, या वयात सगळ्यांचंच असं होतं, जगभर. केवढं बरं वाटलं मला. मी समजत होते, माझ्यातच काहीतरी बिघडलंय.

आईला चुलीपुढे बसून हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तेरा ते एकोनीस? सात वरसं?"

"हो."

"येवढी?" म्हणाली आणि फुंकणीने जाळ फुंकत बसली.

१४ फेब्रुवारी

आठ वाक्यं झाली. नववं काही सुचत नाही.

१८ फेब्रुवारी

गोजरबाई आत्या आली. आली ती सूचना देतच आली. मान खाली ठेव, हळू बोल, इंग्रजी-बिंग्रजी काढू नको. मग आईला म्हणाली, "वैनी, चांगुणाला त्या दिशी आतच ठिवा. धाकटी गोरीपान. तिला बघितली की थोरलीचं मोडलंच म्हनून समजा."

गोरी आहेच ती, मी सावळी. पण तोंडावर बोलायचं? चांगुणा आता कुठे तेरा वर्षांची, सातवीत आहे, अजून झाडावर चढते. आम्ही दोघी माळवदावर जाऊन आत्याची नक्कल करून पोट दुखेस्तोवर हसलो.

२० फेब्रुवारी

आले आणि गेले! पाच माणसं. पोह्यांचा कण ठेवला नाही. मुलगा बिचारा तोंडच उघडेना. त्याचे वडील मात्र — नाव काय, स्वयंपाक येतो का, सुईत दोरा ओव, चालून दाव. सगळं केलं. मग म्हणाले, "इंग्रजी येतं म्हनं. बोल की दोन शब्द."

आत्याने दारातून डोळे वटारले. मी मान वर केली आणि म्हटलं, "आय अ‍ॅम अ टीनएजर. आय वॉन्ट टू पास मॅट्रिक." वर मराठीत अर्थही सांगितला. गैरसमज नको कुणाचा!

मुलाच्या वडिलांना पोह्यांचा ठसका लागला. आई उठायच्या आत चांगुणाच पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली.

निघताना ते म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय." म्हणजे नापसंत. तेवढं कळतं मला. दादा माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! मी आज पोटभर जेवले.

२२ फेब्रुवारी

बन्सीमामा निरोप घेऊन आला. हे स्थळ त्यानेच आणलेलं. थोरली नको. तांब्या घेऊन आली ती धाकटी पसंत आहे. मानपान काही नको, लग्न याच उन्हाळ्यात. मनीचं मग बघता येईल.

मला वाटलं थट्टा करतोय. पण दादा खुशीत दिसले. मी म्हटलं, "दादा, अहो तेरा वर्षांची आहे ती!"

"तुझी आय बारा वर्सांची हुती. काय वाईट झालं तिचं?"

आई पलीकडे ज्वारी पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

माझ्यामुळे झालं हे. मी सुटले आणि ती सापडली. चांगुणाला अजून कुणी सांगितलेलं नाही. विचारत होती, "मामानं रेवड्या कशाला आणल्या गं?"

२३ फेब्रुवारी

सकाळी दादा होकार कळवायला निघाले. आई दारात जाऊन उभी राहिली.

म्हणाली, "काल म्हनला, काय वाईट झालं. मला कदी इचारलं? या घरात आले तवा मला पदर सुदिक सावरता येत न्हवता. दोन वरसं म्हशीपाशी जाऊन रडले. सासूबाईंना वाटायचं, शेन काढती. माझ्या पोरी मॅट्रिक होस्तवर कुनाला दावायच्या न्हाईत. दोघीबी."

दादांनी सायकल भिंतीला टेकवली. म्हणाले, "बन्सीला काय सांगू?"

"सांगा, पोरींची आय न्हाई म्हनती."