पंधरापैकी किती

२१ एप्रिल १९७५, सोमवार
नववीचा मराठीचा गठ्ठा आज सोडला. निबंधाला पंधरा मार्क. विषय तीन दिले होते, पण जवळपास सगळ्यांनी ‘मी पाहिलेली जत्रा’ धरला, कारण गाईडात तोच आहे. गाईडातल्या जत्रेला नदी आहे आणि नदीत नावा. सबब आमच्या पोरांच्या पोखर्णीच्या जत्रेतही नावा डुलायला लागल्या. कुठल्या पाण्यावर, ते त्यांनाच ठाऊक. सगळ्यांना सात-सात देत सुटलो. हात आपोआप चालतो. डोकं दुखतंय.

२२ एप्रिल
एक पेपर अडकला. नाव न बघता तपासायचं असतं म्हणे, पण पाचवीपासून शिकवलेल्या पोरीचं अक्षर कसं ओळखू येणार नाही. सुमनचा आहे. आपल्याच समाजाची. लिहिलंय: ‘मी जत्रा पाहिलेली नाही. आमच्या घरापुढून जत्रेच्या गाड्या जातात. आजोबांनी देव सोडले तेव्हापासून आमच्या घरचे कोणी जात नाही. गाड्या परत येतात तेव्हा लहान मुले पिपाण्या वाजवत असतात. त्यावरून मला समजते की जत्रा संपली.’ एवढंच. पाऊण पान.

वाचून उठलो आणि अंगणात येरझाऱ्या घातल्या. झरीच्या आमच्या घरातले देव वडिलांनी, बापूंनी, छप्पन साली दीक्षेनंतर काढले, तेव्हा मी लहान होतो. बापूंचं बरोबर होतं, आजही बरोबरच वाटतं. तरी जत्रेच्या दिवशी घरात बसून रडलो होतो, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आधी चार दिले. विषय ‘पाहिलेली’, आणि हिने पाहिलीच नाही. मग खोडून अकरा केले. बाकीचा पेपर सत्तावीस. चारांनी नापास, अकरांनी पास. ग्रेस गणितात खर्च झालेत, तिथून काही मिळायचं नाही.

२३ एप्रिल
सकाळी सुमनचे वडील येऊन गेले. पेपरबद्दल चकार शब्द नाही, तेवढी रीत पाळली. ओसरीवर बसले, पाणी प्याले. उठताना मात्र म्हणाले, “पास झाली तर दहावीला घालतो सर. न्हाई झाली तर मेव्हणा मागणी घालायलाय, त्याच्या पोराला देऊन टाकतो. मला दुसरं काई सुधरना.” माणूस वाईट नाही. एवढी वर्षं शाळेत ठेवली, हेच वस्तीत लय झालं.

हे ऐकायला नको होतं. आता अकरा लिहिले तर कशामुळे लिहिले, ते माझं मलाच कळणार नाही.

२४ एप्रिल
पेपर हेडमास्तरांना दाखवला. खोडलेला चार आणि वरचा अकरा बघून चष्मा काढला. जुन्या उर्दू अमदानीत शिकलेला माणूस, पेपरला अजून पर्चा म्हणतात. “पर्चा तपासायचाय सर, माणूस न्हाई. अन् पोरगी तुमच्यातली. लोक काय म्हणतील, त्याचा जरा खयाल करा.” म्हटलं, मग नापास करू? तर म्हणाले, मी तसं म्हणालो नाही, फैसला तुमचाच. असा फैसला कोणाला हवाय.

शेवटी हे.मा.नीच तोड काढली. पेपर जोशीबाईंना वाचायला द्यायचा. त्या खालच्या वर्गांना मराठी शिकवतात. मार्क झाकायचे, त्या काय देतात ते बघायचं. बरं वाटलं. म्हणजे भित्राच मी.

२५ एप्रिल
दिवसभर जोशीबाई त्या पेपरावर काय म्हणतील याच काळजीत. दुसऱ्या कशात लक्ष नाही. दहावीला जाणाऱ्यांच्या उन्हाळी जादा तासाला तोच धडा दोनदा शिकवला. पोरं हसली.

२६ एप्रिल, शनिवार
बाईंनी दहा दिले. मी सुटलो म्हणेपर्यंत म्हणाल्या, “लिहिलंय फार चांगलं. पण खरं नाही हं ते. गेल्या वर्षी पोखर्णीला माझ्या पुढच्याच पाळण्यात बसली होती ती, मावशीबरोबर.”

म्हणजे सुमनने जत्रा पाहिलेली. आणि लिहिलं, पाहिली नाही म्हणून. नावावाल्यांनी खोटं लिहिलं, त्यांना सात देताना माझं काही बिघडलं नाही. मग हिच्याच खोट्याचा एवढा राग का येतोय? निबंधाला मार्क द्यायचे की खरेपणाला? बी.एड.ला कोणी शिकवलं नाही. तीन विषय होते. लपवायचंच होतं तर दुसरा घ्यायचा.

२८ एप्रिल
आज गिरणीवर भेटली, ज्वारीचा डबा घेऊन नंबरला बसलेली. निकालाआधी विचारायचं नसतं. विचारलं.

डबा पायाशी ओढत म्हणाली, “आधी खरंच लिहायला घेतलं होतं. मग तुमची याद आली. पेपर तुमीच वाचणार. दोनच दिवस आधी जयंतीला तुमी बोललतात, आपल्यातले जत्रेला जाणारे बाबासाहेबांचं नाव घ्यायच्या लायकीचे न्हाईत म्हणून.”

बोललो होतो. टाळ्याही जोरात पडल्या होत्या.

जत्रा कशी होती म्हटलं, तर आधी बोलेना, मग थांबेना. पाळणा वर गेला तशी मावशीची एक चप्पल खाली कोणाच्या तरी भेळेत पडली. तो माणूस चप्पल हातात घेऊन पाळण्याबरोबर मान फिरवत उभा. मावशी खाली उतरायला तयार नाही, दुसऱ्या फेरीचे पैसे द्यायला निघाली. गिरणीवाला पट्टा सोडून ऐकत राहिला. मी तर पोट धरून हसलो. हे लिहिलं असतं तर डोळे मिटून चौदा दिले असते. पण दिले असते का? जयंतीनंतर दोन दिवसांनी? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

३० एप्रिल, बुधवार
उद्या निकाल. बाईंचे दहा हे.मा.ना मंजूर आहेत. पाळण्याचं त्यांना बाईंनीही सांगितलं नाही, मीही नाही. दहा लिहिले तरी पोरगी पास. मग अडलंय कुठे?

अडलंय ते असं, की मला तो निबंध इतका का आवडला ते आता कळलं. त्यात माझंच भाषण होतं. तिने मला हवं ते लिहिलं आणि मी त्याला अकरा दिले. नावावाली पोरं तरी गाईडाला भ्याली, ही मला भ्याली. मार्क काढून घ्यावेत तर शिक्षा तिला, आणि द्यावेत तर ती जन्मभर हेच शिकणार.

शिपाई निकालाचा तक्ता न्यायला आलाय. म्हणाला, “सर, येवढी एकच जागा रायलीय. लिहा की.” त्याला म्हटलं, बस जरा, चहा टाकतो.