डॉक्टरांच्या गाडीचं डावं मडगार्ड

आबा, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता म्हातारी झाले आहे. हे सांगायला इतकी वर्षं का घेतली, असं तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत, आणि तेच मला अवघड गेलं.

नवरा तापानं गेला आणि पोशीरच्या सासरच्यांनी मला परत पाठवलं, तेव्हा मी वीस वर्षांची होते. आई आधीच गेली होती. भिवपुरीला वीजघराच्या चाळींची दारं-खिडक्या रंगवता रंगवता तुम्ही रंगारी झालात, आणि पुढं चौक गावात हमरस्त्यावरच्या गॅरेजात मोटारी रंगवायला लागलात. गॅरेजच्या मागच्या खोलीत आपण दोघं राहत होतो. लढाई नुकतीच संपली होती, पेट्रोल नाही म्हणून वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघत होत्या आणि घासकामाला माणूस मिळत नव्हता. तुम्ही गॅरेजच्या शेठना म्हणालात, "माजी पोर करंल. तिच्या हाताला नजर हाय." शेठ हसले. फिटर तर तोंडावर म्हणाला, "बाई गाडी घासताना दिसली तर गिऱ्हाईक थांबंल का?" तुम्ही माझ्या हातात बादली दिलीत आणि मला गाडीपाशी नेलंत.

पहिल्या दिवसाचं सगळं आठवतं. पत्र्यावर प्रायमरचा, रंगाखालच्या अस्तराचा, राखाडी थर वाळलेला. पाण्याचा खरखरीत कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि थर काचेसारखा गुळगुळीत होईपर्यंत चोळायचा. मी जोर लावते आहे आणि तुम्ही मागून ओरडता, "अगं, कुणावर राग काढतीस पत्र्यावर? कागद कापतो, तू नुसता त्याला चालव." मग माझा तळवा धरून पत्र्यावरून फिरवता, डोळे मिटायला लावता. "काळा रंग चुगलखोर गं. खाली जे ऱ्हायलं ते समद्यांना सांगतो." त्या आठवड्यात माझ्या बोटांची सालटं निघाली. तांदळाच्या पिठाची गरम उकड मला मळवेना, तर तुम्ही स्वतः भाकऱ्या थापल्यात, जाड आणि कडेला भेगाळलेल्या. "खा. असल्या भाकऱ्या बी लागतात कधी कधी," म्हणालात. मी हसले. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच.

शिमग्याच्या आधी कर्जतच्या डॉक्टरांची गाडी आली. काळी करायची होती. शेठनी सांगितलं, उद्या सकाळी रंग मारायचाच. त्या दुपारी मी एकटीच घासत होते. फिटर येता-जाता म्हणत होता, "होतंय का बाई, का आणू कुणाला?" मी घाईनं हात चालवू लागले. डाव्या मडगार्डाच्या कडेवर कागद हलका फिरवायचा, हे तुम्ही दहादा सांगितलं होतं. मी जोर लावला. राखाडी थर निघून बोटभर उघडा पत्रा चमकला. तुम्हाला सांगायला हवं होतं. मग ती जागा वाळवून, पुन्हा प्रायमर लावून, एक दिवस थांबून पुन्हा घासावी लागली असती. शेठ चिडले असते, फिटर हसला असता. आणि मला वाटलं, मला परत खोलीत बसावं लागेल. मी डब्यातला प्रायमर बोटानं घेतला आणि ओल्या पत्र्यावर तसाच फासला.

सकाळी तुम्ही गाडीवरून हात फिरवलात. डाव्या मडगार्डावर तुमचा हात थांबला. की मलाच तसं वाटलं? "झालं का गं समदं? हितं पानी तर नाय ना ऱ्हायलं?" मी म्हणाले, "नाय, आबा." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि रंगाची बंदूक उचललीत.

गणपती झाले, पावसाळा सरला, आणि डॉक्टर गाडी घेऊन परत आले. डाव्या मडगार्डावर देवी आल्यासारखे फोड. शेठनी नखानं एक उचकटला, तर खाली तांबडा गंज. "हे घासकाम कुणाचं?" मी बादली घेऊन समोरच उभी होते. माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माजं. त्या दिवशी पोरीला ताप होता. मीच घासलं." मला घासताना पाहिलेला फिटर त्या दिवशी कामावर नव्हता. शेठ तुम्हाला मान देत असत, म्हणून ते हळूच बोलले, पण बोलले सगळ्यांसमोर: "आता तुमची नजर गेली. रंगाला दुसरा माणूस बघतो." महिन्याभरात पनवेलहून नवा रंगारी आला. तुम्हाला गाड्या धुवायला लावलं. माझं काम तसंच राहिलं.

त्या दिवशी खोलीत आल्यावर मी म्हणाले, "आबा, त्या मडगार्डाचं..." तुम्ही पाय धूत होतात. मान वर न करता म्हणालात, "भात जास्त टाक आज. भूक हाय." मी भात जास्त टाकला. तुम्ही मला गप्प राहायची परवानगी दिलीत असं मी धरून चालले, कारण ते सोयीचं होतं. दोन हिवाळ्यांनी खोकल्यानं तुम्ही गेलात. तोवर रोज बोलता आलं असतं. तुमच्याजवळ बसून मी दिवसभराचं सगळं सांगत असे, तेवढं सोडून.

तुम्ही चौथीपर्यंत शिकवलंत म्हणून हे लिहिता येतंय. मघाशी चुलतभावाची मुलगी विचारत होती, आत्या, एवढं काय लिहितेस? मी म्हणाले, काही नाही. हा कागद पेटीत लुगड्यांखाली ठेवीन. तो कुणाला दाखवायचा नाही आणि कुठे धाडायचा नाही.

पण एक सांगते. नवा रंगारी आला त्याच आठवड्यात त्यानं मी घासलेल्या गाडीच्या दारावर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असा हात पनवेलात बी नाय." तुम्ही रस्त्याकडेला लॉरीच्या चाकाचा चिखल काढत होतात. तुम्ही वळून पाहिलंत, हसलात. मी नजर वळवली. तुम्हाला वाटलं असेल, पोर शरमली. शरमले नव्हते, आबा. मला आनंद झाला होता, आणि तो मला एकटीलाच हवा होता.