कटर घासून ठेवला होता

मंगळवार, ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून नमुने गोळा करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर हे पत्र पाठवते आहे. त्याच्यावर ओरडू नकोस, तो बिचारा फक्त पोचवतोय.

तुझ्या कारखान्यातल्या चीजच्या कापांत लिस्टेरिया सापडलाय. हा जंतू फ्रीजमध्येही निवांत वाढतो. धडधाकट माणूस तापावर निभावेल, पण गरोदर बाईच्या पोटातलं मूल दगावू शकतं. आणि तुझी शुक्रवारची गाडी जाते कुठे, तर प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात! ती थांबव. प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे आधी मालकाला कळवायचं असतं, तसं कळवते आहे.

वहिनीला नमस्कार. रागाव, पण ऐक.

तुझी,
ठमी

---

बुधवार, ५ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद (आज जरा जड हातानेच).

तुझं पत्र सगळ्या कामगारांसमोर फोडलं, ही माझी चूक. पण मला शिकवू नकोस. दूध मी तापवूनच घेतो, त्यात जे असेल ते मरतं. तुमचं नवं यंत्र म्हणे जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधतं. मग मेलेल्याचा तुकडाही त्याला सापडणारच की! मढी मोजायची आणि गावात दरोडेखोर शिरले म्हणून बोंब मारायची, असला तुमचा कारभार.

आणि गेल्या महिन्यात तू स्वतः येऊन चीज कापायच्या कटरवर कापसाचे बोळे फिरवून स्वॅब घेतलेस, ते जंतू उगवायच्या प्लेटवर स्वच्छ आले ना? तू येणार म्हणून तुझ्या वहिनीने सकाळपासून जंतुनाशकाच्या पाण्याने कटर घासला होता. आरशासारखा लखलखत होता. एवढं करून वर हे ऐकायचं! तुझ्या शिक्षणासाठी बाबांनी हाडं झिजवली, ती काय भावाच्या धंद्यावर धोंडा टाकायला?

जुन्या पद्धतीच्या प्लेटचा निकाल येऊ दे, मग बघू. शुक्रवारी गाडी जाणार.

माया कमी झालेली नाही, पण घरी येऊ नकोस.

दादा

---

गुरुवार, ६ जून

ती. दादास,
नमस्कार. आज शिरसाष्टांग नाही, साधाच.

तुझं पत्र मिळालं. जंतुनाशकाने घासला होता? आणि हे तू मला अभिमानाने सांगतोस? अरे, ते ओलं औषध स्वॅबला लागलं की प्लेटवर काय उगवणार, कपाळ? मी तपासणीला आले होते आणि तुम्ही पाहुणीसाठी घर सारवून ठेवलंत. वरून लखलखीत केलंत, पण पात्याच्या आत, जिथून तापवलेल्या दुधाच्या चीजलाही जंतू लागतो, तिथे कोणी पाहिलं का? त्या स्वॅबचा निकाल मी आजच रद्द करायला सांगितला आहे.

आता तुझ्या मढ्यांचं. तुझ्या चीजचा नमुना आम्ही दोनदा यंत्रात घातला. आधी तसाच, तेव्हा काहीच दिसलं नाही. मग रात्रभर पोषक द्रवात उबेला ठेवून पुन्हा, तेव्हा यंत्र ठणाणा बोंबललं. मेलेल्यांना पोरं होत नाहीत, दादा. प्लेटवर पक्कं उगवेपर्यंत आठवडा जाईल. तोवर त्या बायका जेवायच्या थांबणार आहेत का?

अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना आजच फोनवर कळवलं आहे. बाबांनी हाडं झिजवली ती मी गप्प बसावं म्हणून नव्हे.

लोभ ठेव किंवा नको ठेवूस, गाडी सोडू नकोस.

ठमी

---

शुक्रवार, ७ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी चुरगाळून टोपलीत टाकलं. मी ते काढून वाचलं आणि तडक कटरपाशी गेले. न धुता, न पुसता पातं खोलायला लावलं. आतल्या रबरी चकतीखाली बुळबुळीत पांढरा थर होता. मी बोटाने दाखवला. हे आधी माझ्यावर ओरडले, मग फिटरवर, मग त्या चकतीवर. मीही ओरडले. भरलेल्या गाडीचा माल पुन्हा उतरवून घेतला.

पण सोमवारी गेलेली खेप तिथे पोचलीच आहे. ह्यांनी प्रसूतिगृहात फोन लावला. तिथल्या आचाऱ्याने विचारलं, चव बिघडली आहे का? आचाऱ्याला हे समजायचं नाही म्हणून ह्यांनी फोन ठेवला आणि डॉक्टरांना समोर जाऊन सांगतो म्हणून गाडी घेऊन गेले. अजून आलेले नाहीत. किती जणींनी खाल्लं, कोणाला ताप आहे, काही कळलेलं नाही. अधिकारी बाहेर बाकावर बसले आहेत.

जाताना म्हणाले, ठमीने बहीण म्हणून यायला हवं होतं. मी म्हटलं, बहीण म्हणूनच आली होती, म्हणून तर मी कटर घासत बसले.

माझ्यावरचा राग राहू द्या, तो रास्त आहे. मात्र त्या बायकांना आता काय करायला सांगायचं, ते याच ड्रायव्हरबरोबर लगेच कळवा.

तुमची,
वहिनी